मारामारीपूर्वी मला काय वाटले होते

१६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत गेले, आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्यानंतर नऊ दिवस वीज नव्हती. हंगामाचा शेवटचा हापूस कलमांखाली पडून होता, मोबाइलला रेंज नव्हती आणि टाळेबंदीमुळे शाळाही बंद होती. दिवसभर भावाबरोबर बागेत पडलेल्या फांद्या ओढून झाल्या की संध्याकाळी करण्यासारखे काही उरत नसे. अशाच एका संध्याकाळी मी कपाटातून माझ्या बुद्धिबळ स्पर्धांतील स्कोअरशीटांची, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदांची, फाइल काढली. बाबांनी फार वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला लाकडी पट कंदिलाजवळ मांडला आणि आपले जुने डाव पहिल्या चालीपासून हाताने खेळून पाहायला सुरुवात केली. फाइलमध्ये ३४ डाव होते आणि त्यांतील १९ मी हरले होते.

त्याआधीही मी आपल्या डावांचे विश्लेषण करते अशीच माझी समजूत होती. घरी आल्यावर डाव मोबाइलवर भरायचा, इंजिन म्हणजे चालींचा हिशेब करणारा प्रोग्राम सुरू करायचे, कोणत्या चालीला लाल प्रश्नचिन्ह पडले ते पाहायचे, त्याऐवजी कोणती चाल हवी होती ती वाचायची आणि ‘अरेच्चा, हे तर दिसायला हवे होते’ असे म्हणून मोबाइल बाजूला ठेवायचा, एवढ्यालाच मी विश्लेषण म्हणत असे. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नसत. पुढच्या स्पर्धेत मात्र त्याच जातीची चूक वेगळ्या घरांवर पुन्हा होई आणि इंजिन पुन्हा तितक्याच तत्परतेने ती दाखवून देई. वीज नसलेल्या त्या दिवसांत इंजिन उपलब्ध नव्हते, म्हणून चूक कोणती हे मला स्वतःच शोधावे लागले. ती शोधताना लक्षात आले की चूक सापडते, पण ती मी का केली याचे उत्तर माझ्याजवळ कुठेच नोंदलेले नाही.

त्या फाइलमधला सर्वांत छोटा डाव पाच चालींचा होता आणि त्याची मला अनेक वर्षे लाज वाटत असे. काळी मोहरी माझ्याकडे होती. राजापुढची प्यादी दोन दोन घरे पुढे गेली, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ म्हणतात), मी पेट्रोव्ह बचाव निवडून माझा घोडा एफ६ वर आणला. त्याने ई५ वरचे माझे प्यादे मारले, मीही लगेच ई४ वरचे त्याचे प्यादे मारले. त्याने वजीर ई२ वर आणून माझ्या घोड्यावर हल्ला केला आणि मी घोडा उचलून पुन्हा एफ६ वर ठेवला. मग त्याचा घोडा ई५ वरून सी६ वर गेला, मोकळ्या झालेल्या ई पट्टीतून त्याच्या वजिराचा माझ्या राजाला शह बसला आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात माझा वजीर सापडला. हा सापळा बुद्धिबळाइतकाच परिचित आहे, आणि ‘तिसऱ्या चालीला प्यादे मारू नये, आधी डी६ खेळावे’ हा त्यावरचा उपायही कोणीही सांगेल. मलाही तो त्या वेळी सांगितला गेला, मी तो पाठ केला आणि विषय संपला असे मानले.

कंदिलाच्या उजेडात तो पाच चालींचा डाव पुन्हा मांडला तेव्हा मात्र मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारला : घोडा मागे घेताना माझ्या मनात नेमके काय होते? उत्तर अगदी साधे होते. माझ्या घोड्यावर हल्ला झाला होता आणि तो हल्ला मला नकोसा वाटत होता. घोडा गेला की ई पट्टीत माझ्या राजाच्या आणि त्याच्या वजिराच्या मध्ये काय उरते, याकडे माझे लक्ष गेलेच नाही, कारण माझे लक्ष पटावर नव्हतेच. ते त्या अस्वस्थतेतून लवकरात लवकर सुटण्यावर होते. डी६ पाठ करून पेट्रोव्ह बचावातला हा एक सापळा टळला, परंतु ज्या विचाराने मी त्यात सापडले तो विचार माझ्याबरोबर पुढच्या प्रत्येक डावात येत राहिला.

हे कळले, पण बाकीच्या डावांबाबत मी अडकले. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या सत्ताविसाव्या चालीला मला काय वाटले होते, हे आठवणे शक्य नव्हते. जे आठवल्यासारखे वाटे ते आठवत नव्हते, तर आता पटाकडे पाहून मी ते रचत होते. माणूस नंतर आपल्याच बाजूने साक्ष देतो. इंजिनने योग्य चाल दाखवली की ‘ती मला दिसली होती, पण...’ असे वाक्य आपोआप तोंडात येते, आणि त्यात लबाडी नसते. आपल्याला खरोखरच तसे वाटू लागते. म्हणूनच विचार लिहून ठेवायचा असेल तर तो त्याच दिवशी आणि इंजिन पाहण्यापूर्वी लिहिला पाहिजे, असे मी ठरवले.

यात मला बाबांची एक सवय आठवली. ते कालनिर्णयच्या पानांवर बागेच्या नोंदी करीत असत. मोहोर कधी फुटला, तुडतुड्यांसाठी फवारणी कधी केली, हे तर त्या चौकोनांत असेच, पण पानाच्या मागच्या कोऱ्या भागावर ते ‘मळभ आहे, पाऊस येईल असे वाटते, म्हणून फवारणी थांबवली’ असेही लिहीत. पाऊस आला नाही तर पुढे एका शब्दात तेवढे नोंदवीत. पीक हातचे गेलेल्या वर्षी ते जुने कालनिर्णय काढून बसत, आणि तेव्हा ते केवळ काय केले एवढेच पाहत नसत, कशावर भरवसा ठेवून केले तेही पाहत असत. मी गणित शिकवते. मुलांना उत्तराबरोबर रीत लिहायला लावण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, तरी आपल्या डावांच्या बाबतीत मला हे बाबांच्या कालनिर्णयवरून सुचावे लागले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. डाव चालू असताना प्रत्येक चालीपुढे मी घड्याळात उरलेला वेळ लिहिते. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार स्कोअरशीटवर चालींखेरीज घड्याळातील वेळ आणि बरोबरीचा प्रस्ताव यांची नोंद करता येते. स्वतःसाठी टिपणे मात्र लिहिता येत नाहीत, आणि तसे करूही नये. हा वेळ पुढे फार उपयोगी पडतो, कारण जिथे मी बारा मिनिटे घालवली तिथे मला काहीतरी खुपत होते आणि जिथे वीस सेकंदांत चाल केली तिथे मला काहीच खुपले नव्हते, हे तो कागद माझ्या मनधरणीशिवाय सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक स्पर्धा जलद प्रकारच्या असतात आणि त्यांत चाली लिहिण्याचे बंधन नसते, त्यामुळे ते डाव मी संपल्याबरोबर आठवून लिहून काढते. पंचविसाव्या चालीपर्यंत सहसा अडचण येत नाही. परतीच्या एसटीत, गाडी फार हलत नसेल तर, वहीच्या डाव्या बाजूला चाल आणि उजव्या बाजूला ‘मला काय वाटले’ असे लिहिते. प्रत्येक चालीला नाही. जिथे निवड करावी लागली तिथेच. घरी आल्यावर लाकडी पटावर डाव मांडून स्वतः पर्याय शोधते. इंजिनचा क्रमांक शेवटी, तोही शक्यतो दुसऱ्या दिवशी.

या क्रमात प्रतिस्पर्ध्याला विसरून चालत नाही, हे मला कुडाळच्या एका आठवीतल्या मुलाने शिकवले. शेवटच्या फेरीतला आमचा डाव शेवटास आला तेव्हा पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि माझे एक जादा प्यादे एवढेच उरले होते. माझा राजा एफ३ वर, हत्ती एच५ वर आणि प्यादे ई३ वर होते. त्याचा राजा ई७ वर माझ्या प्याद्याच्या वाटेत उभा होता आणि हत्ती ए४ वरून माझ्या राजाला पुढे येऊ देत नव्हता. त्याच्या घड्याळात दोन मिनिटेही नव्हती, प्रत्येक चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवरच तो खेळत होता. मी ई५ वर शह दिला, त्याचा राजा डी६ वर येऊन माझ्या हत्तीवर चालून आला, मी हत्ती ई४ वर मागे घेऊन मारामारी, म्हणजे हत्तीच्या बदल्यात हत्ती, देऊ केली. त्याने क्षणाचाही विलंब न लावता हत्ती मारला, मी राजाने परत मारले, आणि त्याचा राजा ई६ वर माझ्या राजासमोर येऊन उभा राहिला. माझा राजा ई४, प्यादे त्याच्या लगेच मागे ई३, चाल माझी. राजा जिकडे हलवावा तिकडे त्याचा राजा समोर येतो आणि प्यादे माझ्याच राजामागे अडकलेले. डाव बरोबरीत सुटला.

मंगल कार्यालयाच्या ओटीवर आम्ही तो डाव पुन्हा मांडला. मी त्याला विचारले की हत्ती ई४ वर आला तेव्हा तुला काय वाटले. तो संकोचाने म्हणाला, “बाई, माका वाटला, सुटलंय.” तोपर्यंत दर चालीला त्याला भीती वाटत होती, कारण हत्तींच्या शेवटात कुठे उभे राहायचे हे त्याला नीट येत नव्हते, राजासमोर राजा आणायचा, हे मात्र त्याला शिबिरात शिकवलेले होते. म्हणजे जे त्याला येत नव्हते त्यातून काढून जे येत होते त्यात मीच त्याला नेऊन बसवले होते.

माझ्या वहीत त्या चालीपुढे मी एसटीत लिहिले होते : ‘हत्ती गेले की त्याचे शह संपतील.’ हे वाक्य मी दोन-तीनदा वाचले. त्याच डावात सोळा चाली आधी मी ई२ वरचे प्यादे ई३ वर सरकवले होते आणि त्यापुढे लिहिले होते : ‘प्यादे एकदाचे सुरक्षित.’ प्रत्यक्षात त्या वेळी प्याद्यावर कोणाचाच हल्ला नव्हता. ते प्यादे ई२ वरच राहिले असते आणि हत्तींची तीच मारामारी झाली असती, तर राजे समोरासमोर आल्यावर मी ते ई३ वर सरकवून चाल त्याच्यावर ढकलली असती. त्याचा राजा एका बाजूला हटला असता, माझा राजा दुसऱ्या बाजूने पुढे शिरला असता आणि डाव जिंकला असता. राखून ठेवलेली एक चाल मी सोळा चाली आधी, काही कारण नसताना, केवळ मनाला बरे वाटावे म्हणून खर्च करून टाकली होती. घोडा मागे घेताना जो विचार होता तोच इथे दोनदा होता. पाच चालींचा डाव आणि साठ चालींचा डाव यांत दुसरे काहीही साम्य नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन लावले तेव्हा त्याने ई५ वरच्या शहाला चूक म्हटले नाही. शहापूर्वी शून्य, म्हणजे बरोबरी, मारामारीनंतरही शून्य. ते खरेच आहे : दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर ती स्थिती आधीही बरोबरीचीच होती. पटावर सातपर्यंत मोहरी उरली की स्थितीचा पूर्ण हिशेब आज लिचेससारख्या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो आणि त्यात शंकेला जागा नसते. पण समोर वेळ संपत आलेला, हत्तींचा शेवट न येणारा मुलगा बसला आहे, हे त्या शून्यात दिसत नाही. त्याला आणखी वीस-तीस चाली अचूक खेळायला लावायच्या की एकच, राजासमोर राजा आणण्याची, चाल खेळायला लावायची, या दोहोंतला फरक त्या आकड्यात मावत नाही. इंजिनने न दाखवलेली ही चूक माझ्या आजवरच्या चुकांत मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती मला माझी वही आणि तो मुलगा या दोघांमुळेच सापडली.

मारामारीचा निर्णय थोर खेळाडूंनाही किती महाग पडतो, हे १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये सर्वांनी पाहिले. डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत १३ डावांनंतर गुण समसमान होते, आणि चौदावा डावही बरोबरीकडे झुकलेला दिसत होता. काळ्याचे, म्हणजे गुकेश यांचे, एक प्यादे जास्त होते, पण हत्ती आणि उंट पटावर असेपर्यंत पांढऱ्याचा बचाव टिकून होता. पंचावन्नाव्या चालीला डिंग यांनी हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी होऊ दिली. गुकेश यांनी हत्ती मारला, राजाने परत मारल्यावर त्यांनी उंट डी५ वर आणला, आणि ए८ च्या कोपऱ्यात अडकलेल्या डिंग यांच्या उंटाला मारामारी टाळायला जागाच उरली नाही. उरला तो राजा आणि प्याद्यांचा शेवट, आणि तो हरलेला होता. डिंग यांच्या मनात त्या क्षणी काय होते हे त्यांनाच ठाऊक. मी मात्र तो डाव माझ्या वहीशेजारी मांडला आणि हत्ती एफ२ वर ठेवताना माझा हात किती सहज गेला असता, याचा बराच वेळ विचार केला.

स्वतःच्या डावांचे विश्लेषण करून ते छापावे, म्हणजे आपल्या नजरेतून सुटलेले दुसरे दाखवून देतील, असा आग्रह जगज्जेते मिखाईल बॉटविनिक धरीत. १९६० मध्ये तरुण मिखाईल तालने त्यांच्याकडून जगज्जेतेपद हिरावून घेतले आणि १९६१ च्या परतीच्या लढतीत बॉटविनिक यांनी वयाच्या ४९ व्या वर्षी ते १३–८ असे परत मिळवले. माझे डाव छापण्यासारखे नाहीत, पण दुसऱ्याने पाहावेत एवढे तरी मी करू शकते, म्हणून माझी वही आता शाळेतल्या मुलांना उघडी असते. जिंकलेले डावही मी त्यात लिहिते. त्यांचा कंटाळा येतो, पण जिंकलेल्या डावांतही उजव्या बाजूला तीच वाक्ये सापडतात, फक्त समोरच्याने त्यांचा फायदा घेतलेला नसतो.

शनिवारी दुपारी शाळेच्या वाचनालयात मी काही मुलांना खेळायला बसवते. इंजिनशी त्यांची ओळख माझ्यापेक्षा चांगली आहे. लिचेसवर आपल्या चुकांमधून शिकण्याची एक सोय आहे, त्यात चुकीच्या आधीची स्थिती मांडून अधिक चांगली चाल शोधायला सांगितले जाते. ती मुलांना आवडते आणि मला तिच्याविषयी आदर आहे. तरी मी त्यांना आधी वहीत एक वाक्य लिहायला लावते : ही चाल करताना तुला काय वाटले? सुरुवातीला सगळे ‘लक्ष नव्हते’ असे लिहीत. ते मी स्वीकारत नाही, कारण लक्ष कुठेतरी असतेच. ते कुठे होते हे लिहायला सांगते.

सातवीतली एक मुलगी उत्तम खेळते, पण जिंकत आलेल्या डावात अचानक दोन-तीन चाली इतक्या घाईने करते की वजीर नाही तर हत्ती जातो. तिच्यासाठी मी कितीतरी उदाहरणे काढली, मोहरे उचलण्यापूर्वी दहापर्यंत मोजायला सांगितले, पण काही फरक पडला नाही. गेल्या महिन्यात तिने वहीत लिहिले : ‘मागे नववीची मुले उभी होती. मी फार वेळ घेतला तर ती हसतील असे वाटले.’ मी ते वाक्य वाचून बराच वेळ तिच्याकडे पाहू शकले नाही. इतके दिवस मी तिला पटावरचे धोके शिकवीत होते.

पुढच्या शनिवारी मी वाचनालयातली बाके हलवली. आता तिचा पट कपाटाच्या कोपऱ्यात असतो, पाठ भिंतीकडे आणि तोंड खिडकीकडे, आणि डाव चालू असताना कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे नाही असा नियम फळ्यावर लिहिलेला आहे. त्या दिवशी तिने एका चालीला सहा मिनिटे घेतली.